काळ्या पुडीला पातळ हात

सेलूच्या बाजारात मी नेमकं काय करते हे कुणालाच धड माहीत नाही, आणि त्याला जबाबदार माझे वडील आहेत. त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. पेंड न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकानं सांगतात की आमची मुलगी परभणीला मुलामा द्यायचं शिकते. बॅटरीच्या पुडीला, हे ते नंतर सांगतात, पण तोवर ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. दोन वर्षांत मला तीन लग्नघरांतून एक ग्रॅमच्या दागिन्यांबद्दल विचारणा झाली. गल्लीतल्या एका मावशींनी तर रुमालात गुंडाळून पाटल्या आणल्या, पॉलिश उडालंय, बघ काही होतं का म्हणाल्या. मी त्या तशाच परत केल्या तेव्हा शिकून पोरगी माजली असं त्यांचं मत झालं, ते अजून कायम आहे.

खरं म्हणजे वडील चुकीचं काही सांगत नव्हते. मोबाइलच्या किंवा स्कूटरच्या बॅटरीत अधिक खुणेच्या बाजूला एक काळी पूड असते. लिथियम, निकेल, मँगनीज, कोबाल्ट असं सगळं भट्टीत एकत्र भाजून ती तयार होते. बॅटरी चार्ज करताना लिथियम त्या पुडीतून बाहेर पडतं आणि वापरताना परत येऊन बसतं. सकाळी रानात, संध्याकाळी घरी, असा त्याचा दिनक्रम. अडचण एवढीच की बॅटरीत जे द्रावण असतं ते प्रत्येक फेरीत पुडीच्या कणांना वरून थोडं थोडं कुरतडतं आणि बॅटरी म्हातारी होत जाते. म्हणून त्या कणांवर ॲल्युमिनाचं, म्हणजे एका पांढऱ्या चिवट पदार्थाचं, कवच चढवायचं. द्रावणाला आत शिरता येऊ नये पण लिथियमला जाता-येता यावं, इतकंच. जाड झालं की लिथियम आत कोंडलं, विरळ झालं की कण उघडा पडला. रंगारी म्हणतात तसा एक पातळ हात बसला पाहिजे. एवढंसं सांगायला मी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात चाळीस पानं लिहिली होती. सरांनी ती हातात तोलून पाहिली आणि नमनालाच घडाभर तेल घातलंस म्हणाले.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. परभणीच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवतात, सावकाश बोलतात, आणि निवृत्तीला आले तरी स्वतःचा चहा स्वतः करतात. त्यांच्या हाताखालून पीएचडी झालेल्या सगळ्यांनी फेराइटवर काम केलं होतं. फेराइट म्हणजे लोखंडाची चुंबकी पूड. ती हमखास तयार होते, हमखास मोजता येते आणि तिच्यावर हमखास पेपर निघतो, त्यामुळे आमच्या भागात ज्याला त्याला फेराइटच हवं असतं. मी एकटी बॅटरीच्या मागे लागले. कुणी कारण विचारलं तर मी मोठमोठ्या गोष्टी सांगते, देशाची गरज वगैरे. खरं कारण असं की जे सगळे करतात ते करायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. शाळेत सगळ्या मुली मेंदी काढून आल्या म्हणून मी हात धुऊन टाकले होते.

आमच्याकडे भट्टी होती, खल होता, नाजूक काटा होता. पण केलेल्या पुडीची बॅटरी बांधून तपासायची सोय नव्हती, कारण त्याला बाहेरची हवा आत न येऊ देणारी काचेची पेटी लागते. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतल्या मॅडम सरांच्या जुन्या ओळखीच्या होत्या. सरांच्या शब्दाखातर त्यांनी आमचे तीन नमुने तपासून द्यायचं कबूल केलं. तीन, चौथा नाही. सरांनी मला समोर बसवून सांगितलं की तिन्ही फसले तर मुकाट्यानं फेराइट घ्यायचं आणि वर्षभरात प्रबंध देऊन मोकळं व्हायचं, हातचं सोडून पळत्याच्या मागे किती धावायचं यालाही हद्द असते. मी मान डोलावली. मनातून मला रडू येत होतं, कारण ही काळी पूड मला आवडायला लागली होती. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, फेराइट घेतलंस तर वर्षात घरी येशील ना? सेलूच्या कॉलेजात जागा निघणार आहे ही बातमी माझ्या आधी तिला लागली होती.

पहिला नमुना मी आमच्या घराण्याच्या वळणानं घालवला. आमच्या दुकानात काटा कधी सरळ उभा राहत नाही. पेंड तोलून झाली की वडील वरून एक मूठ टाकतात, पारडं गिऱ्हाइकाकडे झुकलं की मगच पोत्याचं तोंड बांधतात. काटा सरळ असेल तर माणूस वाकडा असतो, असं त्यांचं म्हणणं. मी चालायला लागले तेव्हापासून हेच पाहत आले. प्रयोगशाळेतला काटा इतका हळवा की जवळ श्वास सोडला तरी आकडा हलतो, आणि त्या काट्यावरही मी ॲल्युमिनाची पांढरी पूड बरोबर तोलून झाली की चमच्याच्या टोकावर थोडी घेऊन वरून टाकत होते. मला स्वतःला ते दिसतच नव्हतं.

हैदराबादहून निकाल आला की बॅटरी जन्मापासूनच म्हातारी आहे, कवच इतकं जाड झालंय की लिथियम दारातूनच परत फिरतंय. मी सगळी गणितं पुन्हा केली, ती बरोबर होती. तेव्हा सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, माझ्यासमोर तोलून दाखव. मी तोललं. आकडा बरोबर आला. मग माझा हात आपसूक बाटलीकडे गेला आणि वरून चिमूट पडली. हे काय, असं त्यांनी विचारलं, तर मी अगदी सहज सांगितलं की हे वरचं. सर स्टुलावर बसून इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बेटा, हितं गिऱ्हाईक कोण हाय?" ते म्हणाले. "कुणाला झुकतं माप द्यायलीस?"

मीही हसले, पण दोन दिवसांनी. त्याआधी मला फार राग आला होता, वडिलांचा, काट्याचा आणि फेराइट करणाऱ्या मुलांचा, कारण ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या विभागात पसरली होती आणि कॅन्टीनमध्ये मला पाहिलं की कुणीतरी भज्यांवर वरचं एक भजं मागत होतं.

दुसऱ्या वेळी आकडा बरोबर आला की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. वजन केसाइतकंही चुकलं नाही. पण स्वभाव जातो कुठे. माझं सगळं काम पी हळद अन् हो गोरी असं. सगळी पांढरी पूड सगळ्या काळ्या पुडीत एकदम ओतली आणि दिवसभर खलात घोटत बसले, खांदे भरून येईपर्यंत. वरून पाहिलं तर छान एकजीव दिसत होती. भट्टीतून काढून हैदराबादला पाठवली. पंचविसाव्या फेरीच्या आत बॅटरीनं मान टाकली. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातले फोटोही पाठवले होते. पांढरी पूड आपल्याच आपल्यात गोळे करून बसली होती, चार कणांवर ढीग आणि बाकीचे कण उघडे. शेजारी उघड्या कणांच्या अंगावर चिरा पडलेल्या स्पष्ट दिसत होत्या.

आता एकच नमुना उरला होता. सरांनी फेराइटवरचे दोन जुने प्रबंध कपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवले. त्यांचा हेतू चांगला होता, पण माझं पित्त खवळलं. मी खल धुतला नाही, काटा झाकला नाही, कुणाला सांगितलं नाही, आणि सरळ स्टेशनवर जाऊन सेलूची गाडी पकडली. मानवत रोडला एका बाईनं सरकून जागा दिली तर तिच्याशीही मी नीट बोलले नाही.

एप्रिल सरत आला होता आणि घरी वर्षाचा गहू भरायचं चाललं होतं. माझी आई बुटकी आणि भारी चपळ आहे. बसून बोलणं तिला माहीत नाही, हातात काम असलं तरच तिचे कान उघडतात. गच्चीवर चार उन्हं दाखवून, रात्रभर गार करून गहू मधल्या खोलीत चादरीवर पसरला होता आणि शेजारी एरंडेलाची बाटली होती. धान्याला एरंडेल चोळलं की वर्षभर किडा लागत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी बॅग टाकली आणि उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. दोन नमुने गेले, तिसराही जाणार, सरांनी प्रबंध काढून ठेवलेत, मी फेराइट घेते आणि येते घरी, ठेव तुझी ती कॉलेजची जागा राखून. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हात धुऊन ये, तेल लावू.

मी हात धुऊन आले, बाटलीचं बूच काढलं आणि चिडलेल्या हातानं ढिगावर तेलाची धार धरली. आईनं माझं मनगट धरलं.

"वतू नकू," ती म्हणाली. "गव्हावर तेल वततात व्हय? तेल हाताला लावायचं अन् हात गव्हाला लावायचा. असं वतलं तर चार दाणे बुडतेत, बाकीचे कोरडेच ऱ्हातेत. किडा बरोबर कोरड्याकडंच जातोय."

मी बाटली हातात धरून तशीच बसून राहिले. उघडे कण, अंगावर चिरा पडलेले, मी आदल्याच दिवशी फोटोत पाहिले होते.

आईनं मग दाखवलं. तळहातावर तेलाचे चार थेंब घेतले, दोन्ही हात एकमेकांवर चोळले, अगदी तोंडाला तेल लावताना चोळतात तसे. परातीत मूठभर गहू घेऊन तो त्या हातांनी चोळला, जोर न लावता, दाणा नुसता चमकेपर्यंत. तो मूठभर गहू सूपभर गव्हात मिसळून पुन्हा चोळला, आता नवीन तेल न घेता. सुपातला मग ढिगाच्या एका कोपऱ्यात. कोपरा मग पुढच्या कोपऱ्यात. चमकलेले दाणे आपल्या अंगचं तेल कोरड्यांना देत जात होते. शेवटी ओंजळभर गहू माझ्या हातात ठेवला. दाण्यांवर चमक होती आणि माझ्या बोटांना तेल लागत नव्हतं. आमच्या घरात हे दर उन्हाळ्यात चालतं आणि मी दर उन्हाळ्यात अभ्यासाचं निमित्त करून गच्चीवर पळते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी म्हणाले, पुन्हा दाखव. तिनं दाखवलं. मी म्हणाले, थांब, मोबाइल आणते. तिसऱ्यांदा मी तिच्या हातांचा व्हिडिओ घेतला आणि मधेच इतकी जोरात हसले की तो हलला. मी तिला सांगत सुटले की माझी पांढरी पूडही अशीच, चिमटीत घेऊन आधी चिमूटभर काळ्या पुडीत जिरवायची, मग ती चमचाभर पुडीत, मग वाटीभर, एकदम कधीच नाही. रागाचा मागमूस राहिला नव्हता. मला गव्हाच्या त्या ढिगावर लोळावंसं वाटत होतं.

"याच्यानं तुझं काम व्हईल का?" आईनं विचारलं.

मी म्हणाले, व्हईल, व्हणारच. ती थोडा वेळ नुसतीच गव्हात बोटं फिरवत राहिली. मग माझा व्हिडिओ हलला होता म्हणून तिनं चौथ्यांदा दाखवलं, पहिल्यापेक्षा सावकाश, आणि मूठ किती भरायची तेही बोटं उघडून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांची लिंगपूजा आटोपायच्या आत मी स्टेशनवर होते. विभागात पोचल्यावर आधी खल धुतला, मग सरांची माफी मागितली. त्यांनी मी कुठे गेले होते हे विचारलं नाही, मी एवढ्या खुशीत का आहे ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, ही पद्धत कुठल्या पेपरातली? मी म्हणाले, आमच्या मधल्या खोलीतली. त्यांनी कपाळाला हात लावला, पण दहा मिनिटांनी हातमोजे चढवून, तोंडाला मास्क बांधून माझ्या शेजारी दुसरा खल घेऊन बसले. ही पूड म्हणजे काही गहू नाही, निकेल-कोबाल्ट नाकातोंडात गेलेलं चालत नाही. घोटता घोटता ते सांगू लागले की त्यांची आई तुरीच्या डाळीला असंच तेल चोळायची, आणि जास्त झालं तर वर्षभर वरणाला एरंडेलाचा वास यायचा. एवढे बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चिमूट पांढरी, चिमूट काळी. पांढरा ठिपका दिसेनासा होईपर्यंत घोटायचं, मग तेवढीच काळी आणखी घालायची, पुन्हा घोटायचं. दर वेळी ढीग दुप्पट. दोन दिवस हेच केलं. मला घाई सुटली की मी व्हिडिओ लावायची आणि आईच्या हातांच्या चालीवर खल फिरवायची. भट्टी लावली त्या दिवशी लाईट एकदाही गेली नाही, आणि परभणीत एप्रिलमध्ये यालाच शुभशकुन म्हणायचं असतं. थंड झालेली पूड आधी होती तशीच काळी दिसत होती. कवच चढलंय की नाही ते डोळ्यांना कळणार नव्हतं. आम्ही ती बाटलीत भरून हैदराबादला पाठवली आणि मी त्यानंतरचे पाच आठवडे लोकांशी विनाकारण भांडले.

मॅडमचा फोन सरांना आला तेव्हा मी फळ्यासमोर उभी होते. सरांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मॅडम हैदराबादी हिंदीत, फार शांतपणे सांगत होत्या की शंभर फेऱ्या झाल्या, बॅटरी अजून जवळजवळ पहिल्या दिवसाइतकीच देते आहे, आणि कवच न चढवलेल्या पुडीची तेवढ्याच फेऱ्यांत पार दमछाक झाली. फोटोतही गोळे कुठे दिसत नव्हते. कणाच्या कडेनं एक बारीक फिकट रेघ होती, सगळीकडे सारखी. मला आठवतं की मी खडू खाली टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता, बारावीच्या निकालालाही नाही. सर उठले, कॅन्टीनमध्ये गेले आणि सगळ्या विभागाला मिरचीची भजी सांगून आले. फेराइटवाली मुलं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती, आणि मी त्यांना मनात काय काय बोलले होते ते आठवून मला लाज वाटली.

भजी खाताना सरांनी उरलेलं सांगितलं. मॅडमना हे काम पुढं न्यायचं होतं आणि त्यासाठी त्या मला दोन वर्षं हैदराबादला बोलावत होत्या. पूड तिथेच करायची, बॅटरी तिथेच बांधायची, तपासायची. मार्गदर्शक सरच राहणार होते. फेराइटचा विषय संपला होता. सरांनी ते दोन जुने प्रबंध स्वतःच्या हातानं कपाटात परत ठेवले.

शनिवारी मी सेलूला गेले. वडिलांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, हे त्यांनी याआधी फक्त माझ्या आत्याच्या लग्नात केलं होतं. त्यांनी माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि हैदराबादचं नाव निघताच निजामाच्या काळातले आमचे कोण कोण तिकडे नोकरीला होते ते सांगायला लागले. त्यांचा आवाज नुसता फुलून आला होता. आई स्वयंपाकघरात होती. तिला मी सगळ्यात शेवटी सांगायला गेले, कारण सांगायचं कसं ते मला सुचत नव्हतं.

ती गवार मोडत बसली होती. मी समोर बसले आणि पुडीचं सांगितलं, शंभर फेऱ्यांचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं. दोन वर्षं म्हणताना माझा आवाज बारीक झाला. आई हसली. अगदी मनापासून हसली, तिचे गाल वर गेले. मग म्हणाली की कॉलेजच्या जागेचं तिनं वडिलांना केव्हाच सांगून टाकलं होतं, कॉलेजवाल्यांना कळवा, आपल्या पोरीसाठी जागा अडवून ठेवू नका म्हणून.

"केव्हा?" मी विचारलं.

"तू मोबाइल घेऊन माझे हात काढायली व्हतीस ना, त्याच सांजंला. मला तवाच कळलं, तुझं जमतंय. अन् जमलं की तू काय हितं राहत न्हाईस."

त्या दिवशी मी तिच्यासमोर नाचत होते, आणि ती गव्हात बोटं फिरवत गप्प बसली होती ते मी पाहिलं होतं, पण मला वाटलं होतं की ती दमली.

"मंग चौथ्यांदा कशाला दाखवलंस गं?" मी म्हणाले. "व्हिडिओ तर हलला होता, तसाच राहू द्यायचास. मला नीट आलं नसतं तर मी घरीच आले असते."

आईनं गवारीचा दोरा काढला, शेंग मोडली आणि ताटलीत टाकली.

"तुला येत नव्हतं म्हणून," ती म्हणाली, आणि अर्धी गवार माझ्यापुढं सरकवली.